जुन्या मिलची दुरुस्ती

राज्यघटनेत दुरुस्ती व्हावी की होऊ नये, असा वाद निघाला की आपल्याकडे ताबडतोब दोन पक्ष पडतात आणि दोन्ही पक्ष एकाच वेळी बोलू लागतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राने हे यथेच्छ ऐकले. एक म्हणे, हे लोक घटना बदलणार. दुसरा म्हणे, तुम्ही तर ती कितीदा बदललीत! पहिल्याच्या मते घटनेचे पान हलले की देश हलला. दुसऱ्याच्या मते संसद जनतेने निवडलेली, तिने पान फाडले तरी ते जनतेनेच फाडले असे समजावे. २०२३ अखेर १०६ दुरुस्त्या झाल्या होत्या. त्यांतल्या कोणी किती केल्या, हे दोन्हीकडच्या वक्त्यांना पाढ्यासारखे पाठ आहे. परंतु त्या त्या दुरुस्तीनंतर कोर्टाचे दार कोणाला उघडले आणि कोणाच्या तोंडावर लागले, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. माझे भांडण आहे ते या न मांडलेल्या हिशेबापायी.

फराळाच्या ताटाशेजारी ही कलमे कशाला, असे कोणी म्हणेल. पुण्या-मुंबईच्या वाचकाने म्हटले तर मी समजू शकतो. सोलापूरकराला ते शोभत नाही. घटनेची चौथी दुरुस्ती १९५५ साली झाली. तिच्यावर दिल्लीत भाषणे झाली, इंग्रजीत ग्रंथ झाले; पण तिच्या मुळांपैकी एक मोठे मूळ आमच्या जुन्या मिलच्या फाटकापाशी आहे. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात नाही. वकिलांच्या पुस्तकात आहे, पण तिथे सोलापूर हे गाव म्हणून नाही, नुसते एका खटल्याचे नाव म्हणून आहे. म्हणून ती इथे सांगतो.

जुनी मिल म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी. १८७० च्या दशकात ती मोरारजी गोकुळदासांनी उभी केली आणि सोलापूर हे गिरण्यांचे गाव झाले. तिच्या भोंग्यावर गाव उठे आणि निजे. जुलै १९४९ मध्ये कंपनीने कामगारांना नोटीस लावली आणि महिन्याभराने, २७ ऑगस्टला, गिरणी बंद केली. भाद्रपदाचे, गणपतीचे दिवस. मी लहान असताना आमच्या शेजारी एक म्हातारे बदली कामगार राहत. ते सांगत की नोटीस लागलेली होती, तारीख ठाऊक होती, तरी त्या सकाळी भोंगा वाजला नाही तेव्हा माणसे अंथरुणात उठून बसली आणि वाजण्याची वाट पाहत राहिली. त्यांच्या तोंडी ‘आर्टिकल’ हा शब्द कधी आला नाही. ‘गिरणी बसली’ एवढेच ते म्हणत.

गिरणी का बसली? सरकारने जे कारण छापले ते असे : कंपनीत गैरकारभार आणि हलगर्जी झाली, त्यामुळे एका जरुरीच्या वस्तूचे उत्पादन खालावले आणि समाजाच्या एका वर्गात गंभीर बेकारी उद्भवली. हे शब्द ९ जानेवारी १९५० च्या वटहुकूमात आहेत. तारीख ध्यानात ठेवा. राज्यघटना अमलात येण्यास तेव्हा सतरा दिवस उरले होते. राजगोपालाचारी अजून गव्हर्नर-जनरल होते. वटहुकूमाने जुन्या संचालकांना आणि मॅनेजिंग एजंटांना बाजूस सारले आणि सरकारने नेमलेले संचालक गिरणीवर बसवले. भागधारकांनी संचालक निवडावेत, ठराव करावेत, हे सारे थांबले. एप्रिलमध्ये संसदेने वटहुकूमाचा कायदा केला. एका देशाच्या संसदेने एका गावातल्या एका गिरणीसाठी केलेला कायदा!

हा कायदा कामगारांच्या बेकारीचे नाव घेऊन झाला, हे विसरू नका. आता पुढे काय झाले ते पाहा. चिरंजितलाल चौधरी नावाच्या भागधारकाने थेट सुप्रीम कोर्टात अर्ज केला. घटनेचे ३२वे कलम त्याच्या हाती होते. मूलभूत हक्क दुखावला तर कोणाही माणसाने सरळ देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टाचे दार ठोठावावे, असे हे कलम सांगते. डॉ. आंबेडकरांनी घटनासमितीत याच कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. त्याचे म्हणणे असे की सबंध हिंदुस्थानात गैरकारभाराच्या पुष्कळ कंपन्या असतील, मग आमच्याच कंपनीला वेगळा न्याय का? आणि माझी मालमत्ता भरपाई न देता का घेता? ४ डिसेंबर १९५० रोजी पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी त्याच्या विरुद्ध कौल दिला. असाधारण परिस्थितीत एकच कंपनी हाही एक वर्ग ठरू शकतो, असे बहुमताने म्हटले. पतंजली शास्त्री आणि सुधीरंजन दास या दोघांना हे पटले नाही.

दुसरा खटला द्वारकादास श्रीनिवास यांचा. कंपनीचे प्रेफरन्स शेअर शंभर रुपयांचे, त्यांवर पन्नासच भरलेले. सरकारी संचालकांनी उरलेले पन्नास मागितले. असे शेअर बत्तीस हजार होते. तेव्हा मागणी सोळा लाखांची झाली. द्वारकादास म्हणाले, ज्या संचालकांना मी निवडले नाही त्यांनी माझ्याकडे पैसे मागू नयेत. त्यांना बसवणारा कायदाच रद्द आहे. मुंबईच्या हायकोर्टात ते हरले. सुप्रीम कोर्टात डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. १९५० साली अल्पमतात राहिलेले पतंजली शास्त्री आता सरन्यायाधीश होते, आणि दासही त्या पीठावर होते. या वेळी पाचांचा निकाल एक झाला. कंपनीकडे मालकीचे नुसते टरफल उरले आहे, दाणा सरकारने नेला, अशा अर्थाचे न्यायमूर्ती महाजनांनी म्हटले. शेंगांच्या चटणीच्या गावाला ही उपमा फुकट मिळाली!

मग चौथी दुरुस्ती आली. हा निकाल आणि त्याच महिन्यातले बंगालकडचे आणखी दोन निकाल पुसून काढण्यासाठी ती आली, हे तिचे शब्दच सांगतात. २७ एप्रिल १९५५ पासून घटनेत असे लिहिले गेले की सार्वजनिक हितासाठी, किंवा मालमत्तेची व्यवस्था नीट लागावी म्हणून, सरकारने ठराविक मुदतीपुरता एखाद्या मालमत्तेचा कारभार हाती घेतला तर तो कायदा समतेच्या किंवा मालमत्तेच्या हक्काच्या नावाने रद्द होणार नाही. कलम ३१ अ मध्ये ही अक्षरे आजही आहेत. घटनेचे पुस्तक घरी असेल तर उघडून पाहा. जुन्या मिलचे नाव तिथे नाही, पण तो वाक्यसमूह वाचताना जुन्या सोलापूरकराला धुराचा वास आला नाही तर नवल.

वकील मंडळी इथे थांबतात. त्यांच्या लेखी हा मालक आणि सरकार यांचा कज्जा. पहिला डाव सरकारने जिंकला, दुसरा मालकाने, तिसऱ्या डावात सरकारने खेळाचे नियमच बदलले. नियम बदलले ते न्याय्य की अन्याय्य, यावर सत्तर वर्षे शाई सांडते आहे. मी विचारतो, या तिन्ही डावांत कामगार कुठे होता? वटहुकूमाच्या पहिल्या परिच्छेदात होता. ‘समाजाचा एक वर्ग’ म्हणून. त्यानंतर तो कागदावरून जो उतरला तो उतरलाच. चिरंजितलालला ३२वे कलम होते, कारण त्याच्याकडे शेअर होता आणि शेअर ही मालमत्ता होती. सरकारला संसद होती. ज्याची चूल २७ ऑगस्टपासून विझली त्याच्याकडे काय होते? ४१वे कलम. काम मिळण्याच्या हक्काची तजवीज राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावी, असे ते म्हणते. आणि थोडे वरचे ३७वे कलम म्हणते की या तत्त्वांची बजावणी कोणत्याही कोर्टाकडून करून घेता येणार नाही. म्हणजे मालकाच्या हक्काला कडीकोयंडा, आणि मजुराच्या हक्काला नुसती चौकट; दार बसवायचे राहून गेले.

१९ मार्च १९५५ रोजी राज्यसभेत या चौथ्या दुरुस्तीवर बोलताना आंबेडकरांनी ३१व्या कलमाविषयी जे काढले ते फार बोचरे आहे. हे कलम इतके कुरूप आहे की आपल्याला त्याच्याकडे पाहवत नाही, असे ते म्हणाले. ते नेहरू, पटेल आणि पंत यांच्या तीन तोंडांच्या तडजोडीतून झाले, असा खुलासाही त्यांनी केला. देव बसावा म्हणून मंदिर बांधले आणि देव येण्याआधीच त्यात सैतान शिरला, हा त्यांचा प्रसिद्ध दृष्टांत याच चर्चेतला. हल्ली हा दृष्टांत दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने वापरतात, आणि वापरताना विषय जुन्या मिलच्या दुरुस्तीचा होता हे कोणाच्या गावीही नसते. मूळचा बेत तरी आठवा. १९४७ साली त्यांनी घटनासमितीपुढे जे निवेदन लिहिले होते त्यात मोठे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद घटनेतच असावी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बहुमताला तिला हात लावता येणार नाही, असे त्यांचे सांगणे होते. ते मान्य झाले नाही. मान्य झाले ते भलतेच : गिरणी घ्यायची की नाही हे सरकारने ठरवावे, कधी सोडायची हेही सरकारने ठरवावे, आणि ज्याच्या नावाने घ्यायची त्याने फाटकाबाहेर उभे राहावे.

चौथ्या दुरुस्तीने सोलापूरला काय दिले? गिरणी चालवण्याची ताकद सरकारला दिली. चालवण्याचे बंधन कोणावरच घातले नाही. जुन्या मिलमध्ये आज एक चाक फिरत नाही. तिच्या मागोमाग लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. या शेवटच्या गिरणीचा कारभार तर सरकारी महामंडळाकडेच होता. गिरण्या मोडल्या त्या केवळ दुष्टपणाने मोडल्या असे मी म्हणत नाही. साचे जुने झाले, यंत्रमाग आले, धंद्याचे दिवस फिरले. कायद्याच्या कलमाने मोडका साचा चालत नाही, एवढे गिरणगावात वाढलेल्या माणसाला कळते. पण मोडतोडीत कोणाला विचारले गेले आणि कोणाला नाही, हा प्रश्न यंत्राचा नव्हे. तो हक्काचाच आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते. मजुराला लेबर कोर्ट आहे, युनियन आहे, ग्रॅच्युइटी आहे, आणखी काय हवे? आहे, सगळे आहे. परंतु ते गिरणी मेल्यानंतरचे आहे. कंपनी मोडीत काढण्याचा अर्ज कोर्टापुढे आला असता कामगारांचेही म्हणणे ऐकावे लागेल, हे सुप्रीम कोर्टाने सांगितले ते १९८० च्या दशकाच्या आरंभी, कोइमतूरकडच्या एका प्रकरणात. आणि तेही पाचांपैकी तिघांनी सांगितले, दोघांना ते पटले नाही. म्हणजे घटना लागू होऊन तीस वर्षे उलटल्यावर कामगाराला हक्क मिळाला तो तेराव्याच्या पंक्तीत बसण्याचा.

आता त्या दोन पक्षांकडे वळतो. ‘संसद सर्वश्रेष्ठ’ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण अधिक कडू आहे, कारण ते गरिबांचे नाव घेऊन बोलतात. गरिबांसाठी म्हणून मोकळा सोडलेला हात पुढे कुठवर पोहोचतो, हे आपण १९७५ ते ७७ मध्ये पाहिले. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण घरोघरच्या वडील माणसांना विचारा. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने लिहून टाकले की घटनादुरुस्तीला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही. त्याच वर्षी २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टाच्या पाचांपैकी चौघांनी सांगितले की आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टाचे दार बंद. एकटे न्यायमूर्ती खन्ना नाही म्हणाले. त्याआधी काही महिने, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत निर्भयपणे उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. आम्ही लिहिणारे त्यांचे नाव घेतो तेव्हा छाती फुगवतो. वास्तविक त्यांच्यासारखे बोलणारे किती निघाले हे मोजले तर ती फुगण्याचे कारण नाही.

आणि सोलापूरला तर हे कोणी शिकवायला नको. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर लष्करी कायदा लादला गेला. डोक्यावरची गांधी टोपी आणि हातातला झेंडा हे गुन्हे झाले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान असे चार घरांचे चार पुरुष. चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला हार घालून परत येताना ‘सरकारचा हात अडवू नका’ असे म्हणणाऱ्या पुढाऱ्याला त्या पुतळ्यांचा अर्थ समजलेला नाही. राजवट गोरी असो की आपली, माणसाला तिच्याविरुद्ध उभे राहायला चार बोटे जागा लागतेच. मूलभूत हक्क म्हणजे ती चार बोटे.

परंतु म्हणून मी ‘एक अक्षर हलवू नका’ वाल्यांच्या पंगतीतही बसत नाही. त्यांच्या बोलण्यात घटना ही देव्हाऱ्यातली पोथी होते. सोवळ्याने काढायची, कपाळाला लावायची, पुन्हा बांधून ठेवायची. या मंडळींपैकी कित्येकांना खरे दुःख होते ते मालमत्तेचा हक्क गेल्याचे. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला, हे ते अजून विसरलेले नाहीत. त्यांनी फार कष्टी होऊ नये. मुंबईच्या जुन्या इमारतींवरून निघालेल्या वादात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने सांगितले आहे की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही काही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. मालकाची बाजू मांडणारे या देशात कधीच कमी पडलेले नाहीत. १९७३ चा केशवानंदांचा खटला एका मठाच्या मालमत्तेतून निघाला. १९८० साली ४२व्या दुरुस्तीची नांगी ज्या खटल्यात मोडली तो मिनर्व्हा मिलचा. पुन्हा कापडाची गिरणीच! आपल्या हक्कांचा इतिहास गिरण्यांच्या मालकांनी लढवला आणि आपल्याला त्यातून काही पदरात पडले, याबद्दल त्यांचे आभार मानायला माझी हरकत नाही. फक्त त्याला जनतेचा लढा म्हणू नये.

याच ४२व्या दुरुस्तीतली एक गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कोर्टांचे हातपाय बांधणाऱ्या त्या लांबलचक दुरुस्तीत ४३ अ म्हणून एक कलम हळूच घातलेले आहे : उद्योगांच्या कारभारात कामगारांचा सहभाग असावा यासाठी राज्याने पावले टाकावीत. किती सुंदर वाक्य! जुन्या मिलच्या कामगाराला १९४९ साली हेच तर हवे होते. पण हेही कलम त्याच बिनदाराच्या खोलीत ठेवले, जिथे ४१वे आधीपासून धूळ खात होते. बांधायचे ते दोर खरे वापरले, द्यायची ती मिठाई मात्र चित्रातली दिली. चित्रातलीच मिठाई २०२३ च्या १०६व्या दुरुस्तीत बायकांना वाढली गेली, असे मला वाटते. विधिमंडळांत एकतृतीयांश जागा देऊ केल्या, आणि जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांनंतर, अशी अट ताटाखाली सरकवली.

उलट ज्या दुरुस्त्यांनी खरोखर दार बसवले त्यांच्याविषयी आपण बोलतच नाही. ४४व्या दुरुस्तीने मालमत्ता काढली, हे सर्वांना ठाऊक. तिनेच असेही लिहिले की आणीबाणी असो वा नसो, जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याची वाट बंद करता येणार नाही. म्हणजे १९७६ चा तो चौघांचा निकाल संसदेने स्वतःच्या हाताने पुसला. दुरुस्ती ही सत्तेच्याच कामाची असते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

दुसरे उदाहरण माझ्या धंद्यातले आहे. २००२ च्या ८६व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. तोपर्यंत शिक्षण हे ४५व्या कलमात, म्हणजे त्याच बिनदाराच्या खोलीत, बावन्न वर्षे पडून होते. दहा वर्षांत सर्व मुलांना शिकवू, असे तिथे लिहिले होते. दहाची बावन्न झाली. हक्काने शाळेची भिंत रंगली असे मी सांगणार नाही. माझ्या वर्गात विड्या वळणाऱ्या बायांची मुले येतात. काहींची हजेरी विड्यांच्या मापावर चालते. घरात हजाराचे माप भरायचे असले की मुलगी पाने कापायला बसते. हक्क आला म्हणून माप कमी झाले नाही. परंतु एक फरक पडला, आणि तो थोडाथोडका नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांनी गरिबांच्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याची गरज नाही. लोक हायकोर्टात गेले. जुलैमध्ये कोर्टाने तो बदल रद्द केला. पाच महिने! ते अर्जदार चिरंजितलालइतके श्रीमंत नव्हते, त्यांच्यापाशी शेअर नव्हता. २१ अ हे कलम होते. जुन्या मिलच्या माणसांना १९४९ साली असे एक कलम असते तर ते काय बोलले असते, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

तर मग कामाचा हक्कही ४१व्या कलमातून उचलून वर आणा, असे म्हटले की सुशिक्षित माणूस दचकतो. मुंबईच्या फुटपाथवाल्यांच्या खटल्यात १९८५ साली सुप्रीम कोर्टाने उपजीविका ही जगण्याच्या हक्कातच येते असे सांगितले, मग वेगळे कलम कशाला, असे एक वकील मित्र मला म्हणाले. त्याच निकालाने रीतसर व्यवस्था करून फुटपाथ मोकळे करण्यास परवानगी दिली, हे ते सांगायचे विसरले. उपजीविकेचा हक्क मान्य आणि झोपडी पाडणे हेही मान्य, असा हक्क पोटात घालून कोणी जगत नाही.

दुसरी शंका पैशाची. कामाचा हक्क देणार, पण पैसा कोठून आणणार? ही शंका घेणाऱ्यांना वाटते की असे कधी झालेलेच नाही. महाराष्ट्राने हे केलेले आहे, आणि तेही घटनेच्या त्या कलमाला हात न लावता. वि. स. पागे यांनी आपल्या तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास हा प्रयोग मांडला. १९७२ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातली माणसे खडी फोडायला बसली तेव्हा तो प्रयोग राज्याची गरज झाला, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला : मागेल त्याला काम, काम न दिले तर बेकारीभत्ता. हा कायदा खेड्यातल्या अंगमेहनतीपुरता होता. सोलापूर शहरातल्या गिरणीतून बाहेर पडलेला विणकर त्यात बसला नाही. सांगोल्याच्या माळावर खडी फोडणाऱ्याला जो हक्क होता तो त्याच जिल्ह्याच्या शहरात, साच्यावर तीस वर्षे घालवलेल्या माणसाला नव्हता. शिवाय साधा कायदा साध्या बहुमताने येतो तसा साध्या बहुमताने जातो. म्हणून तर तो घटनेत हवा.

आणि पैसा? तो शहरातल्या पगारदारांनीच दिला. रोजगार हमीसाठी म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. घटनेने त्या कराला वर्षाकाठी २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ साली ६०व्या दुरुस्तीने ती २,५०० केली. एवढी मुकाट दुरुस्ती दुसरी नसेल. तिच्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही, ‘घटना धोक्यात’ असे कोणी म्हटले नाही. खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी शहरातल्या माणसाने पैसे भरावेत, हे आम्ही घटनेत लिहून घेतले आणि निमूट भरत आलो. शहरातल्या बेकारासाठी असे का लिहिता येऊ नये, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. कोणी देऊ लागलाच, तर त्याने आधी आपली पगारपत्रिका काढून पाहावी. माझ्या पगारपत्रिकेत ती ओळ भविष्य निर्वाहाच्या खाली येते. दरमहा दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे.